चालेल का अजून?

'रोजची यंत्रं' या आपल्या सदरात आतापर्यंत मिक्सर, शिलाई मशीन आणि छताचा पंखा उघडून झाला. आज जरा मोठं काम काढू. आज इंजिन उघडायचं आहे.

आमच्या रामघाटावर त्याचा मोसम ठरलेला असतो. पावसाळ्यात गंगा चढते, घाटाच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जातात. पाणी फार वाढलं की नावा चालवायला बंदी होते. मग रामघाट, शेजारचा जटार घाट, पुढे पंचगंगा, सगळीकडे नावा वर ओढून बांधलेल्या दिसतात. इंजिन उघडायला यापेक्षा चांगली वेळ नाही. पाणी उतरलं की कार्तिक येतो, देवदिवाळी येते, आणि त्या दिवसांत नाव उभी राहिली तर घरखर्चाचं गणित कोलमडतं.

इंजिन उघडलं की नाववाला एकेक तुकडा हातात घेऊन मिस्त्रीला एकच प्रश्न विचारतो, "ये चल जाएगा ना?"

पुण्यात, नाशकात, लातुरात गाडीचं इंजिन काम निघालं की आपणही हेच विचारतो. "दादा, हे चालेल का अजून?"

प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर चुकलं तर दोन्हीकडून नुकसान आहे. सगळंच नवं घातलं तर खर्च नव्या इंजिनाच्या जवळ जातो. जुनंच ढकललं तर सहा महिन्यांत पुन्हा सगळं उघडावं लागतं. नावेच्या बाबतीत तर भीती पैशापुरती राहत नाही. काशीत गंगा उत्तरेकडे वाहते. रामघाटासमोर भर प्रवाहात इंजिन बंद पडलं, तर नाव वाहत जाते राजघाटाच्या मालवीय पुलाच्या खांबांकडे. नावेत माणसं असतात.

म्हणून आज हा प्रश्न नीट सोडवू. गाडीचं इंजिन असो, शेतातला पंप असो की नाव, रीत एकच आहे.

पाटा आणि वरवंटा

आधी स्वयंपाकघरात चला. आजीचा पाटा आठवा. वर्षानुवर्षं वाटून वाटून तो मधे खोलगट होतो. वरवंटाही त्याच खोलगटपणाला साजेसा गोल होत जातो. दोघं मिळून झिजतात, म्हणूनच जुन्या पाट्यावर जुन्या वरवंट्याने चटणी छान वाटली जाते. आता वरवंटा फुटला म्हणून बाजारातून नवा, सरळ वरवंटा आणा आणि त्याच पाट्यावर फिरवा. तो दोन्ही कडांना टेकतो आणि मधे चटणी तशीच राहते. नवा वरवंटा चांगलाच असतो. त्याची जोडी जमलेली नसते, एवढंच.

इंजिनात अशा जोड्याच जोड्या आहेत. पिस्टनची रिंग आणि लायनर, क्रँक आणि बेअरिंग, व्हॉल्व्ह आणि त्याची सीट, कॅम आणि टॅपेट. यातला एकही भाग एकटा झिजत नाही. म्हणून "हा भाग चालेल का?" या प्रश्नाला एकट्या भागाकडे बघून उत्तरच देता येत नाही. "हा भाग त्याच्या जोडीदाराबरोबर चालेल का?" असं विचारावं लागतं. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल, तर ही ठेवा.

झीज किती होते?

आपल्याकडच्या पंपाच्या इंजिनाचं उदाहरण घेऊ. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात सुरू झाली. त्यांचं एव्ही-१ हे ५ हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन महाराष्ट्रातल्या कितीतरी विहिरींवर धडधडलं आहे. नावांवरची लहान डिझेल इंजिनंही साधारण याच जातीची, एका सिलिंडरची. एव्ही-१ चं बोअर ८० मिलीमीटर, पिस्टनची चाल ११० मिलीमीटर आणि फेरे मिनिटाला १५००.

आता हिशेब करा. एका फेऱ्यात पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली जातो, म्हणजे २२० मिलीमीटर. मिनिटाला झाले ३३० मीटर आणि तासाला जवळजवळ २० किलोमीटर! इंजिन जागेवर उभं असतं, पण आतली रिंग लायनरवर घासत दर तासाला २० किलोमीटर धावते. दिवसाला आठ तास चाललं तर १६० किलोमीटरच्या आसपास. मधे असतो फक्त तेलाचा पातळ थर.

झीज सगळीकडे सारखी होत नाही. पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबतो, तिथे उष्णता आणि दाब सर्वांत जास्त आणि तेल सर्वांत कमी. म्हणून लायनर वरच्या भागात जास्त झिजतो आणि तिथे बोटाला लागणारी एक धार तयार होते. पिस्टन एका बाजूला जास्त रेटला जातो, त्यामुळे गोल लायनर हळूहळू अंडाकृती होतो. डोळ्यांना तो गोलच दिसतो. मोजमाप घेतल्यावरच खरं कळतं.

आधी तीन ढीग करा

चांगला मिस्त्री इंजिन उघडलं की सामान धुऊन त्याचे तीन ढीग करतो. हे तुम्हीही ओळखू शकता.

पहिला ढीग: न मोजता नवं. यात येतात सगळी पॅकिंग, हेड गॅस्केट, ऑइल सील आणि रबरी ओ-रिंगा. हे सगळं दाबून बसण्यासाठीच बनवलेलं असतं आणि एकदा दबलं की पुन्हा तसं बसत नाही. काही गाड्यांचे हेड बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात. कंपनीच्या पुस्तकात तसं लिहिलं असेल तर तेही एकदाच वापरायचे. या ढिगाची किंमत इंजिन कामात थोडी असते. इथे कंजुषी करून काही वाचत नाही.

दुसरा ढीग: मोजून ठरवायचं. लायनर, पिस्टन, क्रँक, कनेक्टिंग रॉड, व्हॉल्व्ह, स्प्रिंगा आणि हेड. खरा पैसा इथेच जातो आणि खरा पैसा इथेच वाचतो.

तिसरा ढीग: साफ करून ठेवायचं. इंजिनाचं अंग, झाकणं, पुली, फ्लायव्हील. यांत तडा आहे का, धागे खराब झालेत का, एवढं बघायचं आणि निर्धास्त वापरायचं. यातलं काही बदलायला सांगितलं, तर कारण विचारा.

जोडीने मोजा

आता दुसऱ्या ढिगाकडे नीट बघू.

रिंग आणि लायनर. सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो. धूर येतोय, तेल खातंय, म्हणून "फक्त रिंगा टाकून द्या" असं आपण सांगतो. रिंगा स्वस्त असतात आणि लायनर महाग. पण नवी रिंग लायनरमध्ये बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजली की पितळ उघडं पडतं. ८० मिलीमीटरच्या बोअरला ही फट साधारण ०.३ मिलीमीटरच्या आसपास हवी. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो. लायनर फक्त ०.२ मिलीमीटरने मोठा झाला असेल, तर ही फट ०.६ मिलीमीटरहून जास्त वाढते, कारण व्यास वाढला की परीघ तिपटीहून जास्त वाढतो. म्हणजे कोरी रिंग घालूनही दाब निसटणार. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. हवा दाबून तापते आणि त्या तापावर डिझेल पेटतं. दाब निसटला की पौषातल्या धुक्याच्या सकाळी हँडल मारून हात दुखतात, इंजिन काही चालू होत नाही.

लायनर मापात असेल तर तोच ठेवायचा. फक्त त्याची चकाकी मोडायची. जातं गुळगुळीत झालं की आपण टाकी लावून घेतो, तसंच इथे होनिंग करतात. लायनरच्या भिंतीवर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा काढतात. त्या रेषांत तेल टिकतं आणि नवी रिंग भिंतीशी जमवून घेते. टाकी न लावता गुळगुळीत जात्यावर कितीही दळा, पीठ जाडच पडतं.

लायनर मापाबाहेर गेला असेल तर नवा लायनर आणि नवा पिस्टन. काही इंजिनांत बोअर मोठं करून त्या मापाचा जाड पिस्टन घालतात. ०.२५, ०.५० मिलीमीटर असे वाढीव मापाचे पिस्टन त्यासाठीच मिळतात.

क्रँक आणि बेअरिंग. बेअरिंगचा आतला थर मुद्दाम मऊ धातूचा असतो. क्रँक वाचावा म्हणून तो स्वतः झिजतो, कचरा स्वतःत रुतवून घेतो. म्हणून इंजिन पूर्ण उघडलं की बेअरिंग नवीच घालावीत. क्रँक मात्र मायक्रोमीटरने मोजावा. गोल आणि गुळगुळीत असेल तर तो अजून एक आयुष्य काढतो. चरे असतील तर लेथवाल्याकडून ग्राइंड करून घ्यायचा आणि त्या कमी मापाची बेअरिंग आणायची. चरे पडलेल्या क्रँकवर नवी बेअरिंग घातली तर ती थोड्याच दिवसांत जुन्यांसारखी होतात.

व्हॉल्व्ह आणि सीट. हे दोघं पेस्ट लावून एकमेकांवर घासून बसवतात. मग व्हॉल्व्ह बंद ठेवून पोर्टमध्ये थोडं रॉकेल ओततात. दुसऱ्या बाजूने थेंब झिरपला नाही, तर जोडी जमली. पैसे न लागणारी परीक्षा आहे. ही तुमच्या समोर करून दाखवायला सांगा.

आणि एक, जे भाग पुन्हा वापरायचे ते ज्या जागी, ज्या बाजूने होते तिथेच परत जायला हवेत. टॅपेटची अदलाबदल झाली की जमलेली जोडी मोडली. त्यासाठी उघडतानाच खुणा करून ठेवतात. मोबाइलवर फोटो काढून ठेवलेत तर उत्तम.

त्रिकोणी पिस्टनची गोष्ट

जोडीचा हा नियम किती कडक असू शकतो, ते एका वेगळ्याच इंजिनाने जगाला शिकवलं. त्याचं नाव रोटरी इंजिन, म्हणजेच जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांच्या नावाने ओळखलं जाणारं वांकेल इंजिन.

यात वरखाली होणारा पिस्टन नाही आणि व्हॉल्व्हही नाहीत. भुईमुगाच्या दोन दाण्यांच्या शेंगेसारख्या, कमरेत किंचित आवळलेल्या पोकळीत एक फुगीर त्रिकोण फिरतो. त्याला म्हणतात रोटर. त्याच्या तिन्ही टोकांना धातूच्या पातळ पट्ट्या असतात. त्या पोकळीच्या भिंतीला सतत घासत जातात आणि तीन कप्प्यांतला दाब वेगवेगळा ठेवतात. या पट्ट्या म्हणजे टोकाची सील. आपल्या रिंगेचंच काम त्या करतात, पण रिंगेसारखं वरखाली थांबणं नाही, अखंड घासणं.

१९६७ साली जर्मनीच्या एनएसयू कंपनीने आरओ ८० ही देखणी गाडी याच इंजिनावर काढली. १९६८ चा युरोपातला 'कार ऑफ द इयर' मानही तिला मिळाला. पण सुरुवातीच्या गाड्यांची सील लवकर झिजली. कंपनीने वॉरंटीत इंजिनंच्या इंजिनं बदलून दिली. रस्त्यात दोन आरओ ८० समोरासमोर आल्या की चालक बोटं वर करून "माझी इतकी इंजिनं बदलून झाली" असं एकमेकांना सांगत, असा किस्सा सांगितला जातो. या खर्चाने कंपनी खचली आणि १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या ऑटो युनियनमध्ये विलीन झाली.

जपानच्या माझदालाही हाच त्रास झाला. सील थरथरत घासल्यामुळे भिंतीवर आडवे ओरखडे उठत. त्यांच्या इंजिनिअरांनी त्याला सैतानाच्या नखांचे ओरखडे असं नाव दिलं होतं. भिंत सुधारून भागेना, नुसती सील सुधारूनही भागेना. शेवटी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेली सील आणि क्रोमचा लेप दिलेली भिंत अशी जोडी जमली आणि १९६७ मध्ये त्यांची कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली.

हे इंजिन आपल्यापासून फार लांबचं नाही बरं का! आपल्या अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने बंगळूरच्या एनएएल आणि एडीई या संस्थांबरोबर असंच ५५ हॉर्सपॉवरचं वांकेल इंजिन बनवलं. २००९ मध्ये कर्नाटकातल्या कोलारजवळ 'निशांत' या वैमानिकाशिवाय उडणाऱ्या विमानावर त्याचं उड्डाण झालं. त्यातही पोकळीच्या भिंतीवर द्यायचा निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा लेप हे महत्त्वाचं काम होतं. म्हणजे विमानापर्यंत गेलं तरी भांडण तेच, पाटा आणि वरवंट्याचं.

रोटरी इंजिन पुन्हा बांधताना म्हणूनच कारागीर आधी भिंत बघतात. लेप उडालेला असेल, ठिणगीच्या भोकाजवळ तडे असतील, तर तिथे नवी सील घालणं म्हणजे नवी वहाण घालून काट्यांतून चालणं. उलट, भिंत चांगली असेल आणि सीलची उंची पुस्तकातल्या मर्यादेत असली, तरी तिच्यामागची स्प्रिंग थकली आहे का आणि सील ज्या खाचेत बसते ती खाच रुंदावली आहे का, हे मोजावं लागतं. रबरी सील तर नेहमीच नव्या. आपल्या साध्या इंजिनात झिजलेलं बोअर मोठं करून जाड पिस्टन घालता येतो. रोटरीत ती सोय नाही. वाढीव मापाचा रोटर मिळत नाही, म्हणून भिंत गेली की बहुधा तो सगळा भागच बदलावा लागतो. अशा वेळी नुसत्या सील बदलून पैसे वाचवायचा मोह फार होतो, आणि तो सगळ्यांत महागात पडतो.

इंजिनच नवं आलं तर?

काशीत आता हा प्रश्न वेगळ्याच रूपात आला आहे. गेल्या काही वर्षांत इथल्या शेकडो डिझेल नावा सीएनजीवर आल्या. खिडकिया घाटावर, ज्याला आता नमो घाट म्हणतात, नावांसाठी पाण्यावर तरंगणारा सीएनजी पंपही झाला. पाण्यावरचा काळा धूर आणि डिझेलचा तवंग कमी व्हावा हा त्यामागचा हेतू.

जुन्या डिझेल इंजिनावर आता मोठा खर्च करायचा की नाही, हे ज्याने त्याने आपला हिशेब करून ठरवायचं. पण इंजिन पूर्ण बदललं तरी जोडीचा नियम सुटत नाही. नव्या इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत नेतो तो जुनाच शाफ्ट. त्याची बुशही जुनी आणि लाकडी नावही जुनी. इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत नसतील, तर कोऱ्या इंजिनाची थरथर सुरू होते, बुश खाल्ली जाते आणि शाफ्टच्या भोकातून पाणी आत यायला लागतं. लाकडी नाव पाण्यात उतरली की तिचा आकार किंचित बदलतो. म्हणून ही रेष नाव पाण्यात असताना पुन्हा तपासायची असते. नवं इंजिन बसवताना बुश बघितली का, एवढा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ काम होतं.

मिस्त्रीला विचारायचे पाच प्रश्न

तुम्हाला स्वतः मायक्रोमीटर धरता यायची गरज नाही. घरातलं कुणीही हे विचारू शकतं.

१. उघडण्याआधी दाब तपासला का? दाब कमी असेल तर सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा तपासतात. दाब वाढला तर दोष बहुधा रिंगेत, नाही वाढला तर व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये. कधी कधी नुसतं हेड उतरवून भागतं.

२. माप किती आलं आणि कंपनीची मर्यादा किती? दोन्ही आकडे कागदावर लिहून मागा. "बघूनच कळतं" हे उत्तर घेऊ नका.

३. हा भाग नवा घालताय, तर त्याच्या जोडीदाराचं काय?

४. काढलेले जुने भाग मला परत मिळतील ना? आधीच सांगून ठेवलं तर कुणालाही त्यात वाईट वाटत नाही.

५. काम झाल्यावर सुरुवातीला कसं चालवायचं, पहिलं तेल कधी बदलायचं? नव्या जोड्या एकमेकांशी जमेपर्यंत निघणारा धातूचा चुरा त्या पहिल्या तेलातच असतो.

हे विचारल्याने मिस्त्री रागावतो अशी भीती अनेकांना वाटते. खरं तर मोजून काम करणाऱ्याला असा गिऱ्हाईक आवडतो. मापं दाखवायची म्हटलं की त्याचंही काम दिसतं, नाहीतर लोकांना शेवटी दिसतं ते फक्त बिल.

आणि घरात कुणी "जुनं टाकून सगळं नवंच घाला" म्हणालं किंवा कुणी "एवढ्यात काय होतंय, ढकला अजून वर्षभर" म्हणालं, तर दोघांनाही फीलर गेज हातात द्या. शंभर-दोनशे रुपयांत मिळतो आणि वाद लवकर मिटतो.

तुमच्याकडे जुनी गाडी, पंप किंवा नाव असेल आणि इंजिन काम निघालं असेल, तर कुठले भाग ठेवले आणि कुठले बदलले ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या लेखात उन्हाळ्याच्या आधी कूलर उघडू. त्याचा पंप दरवर्षी का जळतो, ते पाहू.